खड्याला धरतं कोण

इंदूरच्या सराफ्यात अंगठी घ्यायला गेलेलं माणूस ठरलेले प्रश्न विचारतं. सोनं किती कॅरटचं? खडा केवढ्याचा? मजुरी काय लावणार? पण या खड्याला धरून ठेवणार कोण, हे कुणी विचारत नाही आणि दुकानदारही आपण होऊन सांगत नाही. मग काही वर्षांनी खडा पडतो. दोष खड्याला जातो, नाहीतर नशिबाला, आणि आमच्याकडे थेट शनिमहाराजांना. आमच्या एका चुलत सासऱ्यांचा नीलम असाच पडला, तेव्हा "साडेसाती घेऊन गेला" म्हणून घरात पेढे वाटले गेले. अंगठी नंतर मी उजेडात धरून पाहिली. चार पंजांपैकी दोन झिजून पार पातळ झाले होते आणि एक वर उठला होता. शनीला त्यात फारसं काही करावंच लागलं नसणार.

मला दागिने घालायचा सोस नाही, ते कसे जुळतात हे पाहायचा आहे. आणि त्यासाठी इंदुरासारखं गाव नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना आमचा सराफा रात्रीचा ठाऊक असतो: दुकानांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात, भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू, हातभर जलेबा. रात्रभर वर्दळ राहिली तर तिजोऱ्या आपोआप राखल्या जातात म्हणून सराफांनीच खाद्यवाल्यांना बसू दिलं, असं इथे सांगतात. दिवसाचा सराफा मात्र रस्त्यावरून दिसतो त्याहून मोठा आहे. तो वरच्या मजल्यांवर आहे. एक माणूस जाईल एवढ्या जिन्याने चढलं की कमी उंचीच्या खोल्या लागतात, आणि त्यांत मांडी घालून ओळीने बसलेले कारीगर, पुष्कळसे बंगाली. प्रत्येकाच्या पोटाशी लाकडी पाट आणि पाटाखाली कीस पडायला चामड्याची झोळी. खोलीचा केरसुद्धा फेकत नाहीत. तो झारेकऱ्याला विकला जातो, आणि तो ती धूळ धुऊन, गाळून तिच्यातून सोन्याचा कण काढतो. हात धुतलेलं पाणीही साठवलेलं असतं.

तिथे बसून पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. खडा बसवण्याच्या जगात जेवढ्या म्हणून तऱ्हा आहेत, त्या सगळ्या एकाच भांडणातून निघाल्यात. खड्याला उजेड हवा असतो आणि सोन्याला पकड. पकड वाढवली की खडा झाकला जातो, खडा मोकळा केला की पकड सैल होते. या भांडणात कोण किती माघार घेणार, ते खड्याच्या जातीवर ठरतं, त्याच्या कापावर ठरतं. आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त ठरायला हवं ते अंगठी घालणाऱ्या हातावर. तेवढंच नेमकं ठरत नाही, कारण दुकानात हात काउंटरवर मखमलीच्या गादीवर टेकलेला असतो. तो हात घरी जाऊन कणीक मळणार आहे, स्कूटरचा ब्रेक दाबणार आहे, हे त्या गादीवर कुठे दिसतं?

सगळ्यांत ओळखीची तऱ्हा पंजांची. चार किंवा सहा बारीक सोन्याच्या बोटांनी खडा वर उचलून धरायचा. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ मध्ये सहा पंजांची अंगठी बाजारात आणली, खडा कड्यापासून उंच उचलला, आणि तेव्हापासून एकट्या हिऱ्याची अंगठी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहते. उंच उचलण्यामागे दिखाव्याइतकंच गणितही आहे. हिऱ्याचा वक्रीभवनांक, म्हणजे आत शिरताना उजेड किती वाकतो त्याचं माप, २.४२. आत शिरलेला किरण खालच्या पैलूवर पडताना लंबाशी साधारण साडेचोवीस अंशांहून मोठा कोन करत असेल, तर तो बाहेर पडूच शकत नाही, आतल्या आत परततो. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्हस्की या तरुण इंजिनिअराने याचा हिशेब मांडला: वरचा उतार ३४.५ अंश, खालचा ४०.७५, मग वरून आलेला उजेड दोनदा आपटून वरच परत येतो. नीट कापलेला हिरा चमकतो तो या परतीच्या उजेडाने.

यातून एक गंमत निघते, आणि दुकानांत नेमकी तिच्याबद्दल उलटी समजूत पसरलेली असते. "खालून उजेड यायला हवा म्हणून मागची बाजू उघडी ठेवतात," असं सांगतात. पण हिरा नीट कापलेला असेल तर त्याचा बहुतेक कारभार वरूनच चालतो. मागची बाजू उघडी ठेवण्याचा खरा फायदा धुण्यात आहे. हिरा पाण्याला जवळ करत नाही, पण तेलातुपाला धरून बसतो. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत पूर्वी याच स्वभावाचा उपयोग करत: चुरा केलेला दगड पाण्याबरोबर चरबी फासलेल्या फळीवरून सोडायचा, बाकी सगळं वाहून जाई आणि हिरे चिकटून राहत. आपल्या बोटावरही तेच होतं. पुरणाच्या आदल्या रात्री तेल लावून मळलेली कणीक, हळद, हाताचं क्रीम, सगळं जाऊन हिऱ्याच्या पाठीला बसतं, आणि मग खालचे पैलू उजेड परत पाठवायचं सोडून देतात. उघड्या पाठीच्या अंगठीला कोमट साबणाचं पाणी आणि मुलांचा मऊ टूथब्रश पुरतो.

पंजांचा दोष एवढाच की ते झिजतात. २२ कॅरटचं सोनं मऊ असतं, म्हणून खड्याची अंगठी बहुधा १८ कॅरटमध्ये करतात. त्यात ७५ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदीसारखा कठीणपणा देणारा ऐवज. "बावीसचंच करा, मोडीत चांगलं जातं," असा आग्रह धरणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. मोडीत चांगलं जातं हे खरं. तोवर खडा जागेवर राहायला हवा. पंजा उठलाय का हे पाहायला भिंगसुद्धा लागत नाही. सुती ओढणीचं टोक किंवा जुना मोजा अंगठीवरून फिरवायचा. धागा अडकला की सराफ्याचा रस्ता धरायचा. अंगठी कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारली आणि आत किंचित खुळखुळ ऐकू आली तर तेव्हाच हातातून काढायची.

टोकदार खड्यांची गोष्ट आणखी निराळी. हिरा सगळ्यांत कठीण, मोह्सच्या मापावर १०, म्हणून लोकांना वाटतं तो फुटत नाही. ओरखडा पडत नाही हे खरं, फुटतो मात्र. ठराविक दिशांनी तो सरळ चिरतो, आणि पेअर (थेंबासारखा) किंवा मार्कीझ (दोन्हीकडे टोकदार) आकाराचं टोक तर फुटायला टेकलेलंच असतं. म्हणून टोकावर साधा पंजा देत नाहीत, कोनात वळवलेली, टोक पोटात घेणारी पकड देतात.

पेअरवरून होळकर आठवणारच, आम्ही इंदूरचे. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी पॅरिसच्या शोमे पेढीकडून घेतलेले दोन पेअर आकाराचे हिरे जगभर 'इंदूर पेअर्स' म्हणून ओळखले जातात. एक ४६.९५ कॅरटचा, दुसरा ४६.७० चा. मला त्या वजनापेक्षा पुढची हकीकत जास्त आवडते. शोमेने ते हाराला लावले. मग यशवंतराव होळकरांच्या काळात पॅरिसच्याच मोबूसाँने ते नव्या धाटणीच्या हारात बसवले; बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेल्या महाराजांच्या चित्रात, पांढऱ्याशुभ्र पोशाखावर ते दोन थेंब दिसतात. पुढे १९४६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे गेले आणि पुन्हा उतरवले गेले, पुन्हा बसवले गेले. खडे तेच, घरं मात्र दर पिढीला नवी. संस्थानिकाला परवडतं. आपल्याकडे आजीच्या कुडीतला मोती नातीच्या अंगठीत घालायचा म्हटलं तरी घरात चार दिवस सभा भरते.

उघड्या पंजांच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपलं जुनं कोंदण. खड्याच्या कडेभोवती सोन्याची भिंत उभी करायची आणि तिचा काठ खड्यावर कलता करायचा, एवढंच म्हटलं तर ती साधी बंद सेटिंग झाली. कुंदनाचं काम त्याच्या कितीतरी पुढचं, आणि इतकं हुशार की मला त्याचं कौतुक आवरत नाही. जयपूरकडे याचे कारीगर वाटून घेतलेले असतात: चितेरा नक्षी आखतो, घडिया सोन्याचा पोकळ घाट घडवतो, मीनाकार मागे मिना भरतो आणि जडिया खडे बसवतो. घाटाच्या पोटात लाख भरलेली असते. जडिया ती जरा ऊन करून मऊ करतो, खड्यापुरतं घर करतो, घरात तळाला चकचकीत वर्ख ठेवतो, त्याला डाक म्हणतात, आणि त्यावर खडा दाबतो. आता उरलेल्या फटीत तो जवळजवळ शंभर नंबरी सोन्याच्या पातळ पट्ट्या सळईने दाबत जातो. इतकं शुद्ध सोनं असलं की त्याला जोडायला आगच लागत नाही. नुसत्या दाबाने पट्टी पट्टीला चिकटते, एकजीव होते, आणि खड्याभोवती सोन्याची सलग कड उभी राहते. शेवटी अकीकाच्या घोटणीने घोटलं की कुठे जोड होता ते सांगता येत नाही. ना झाळणं, ना पंजा, ना खाच.

आता वर्ख कशाला? कारण या दागिन्यांतली पोलकी, म्हणजे जवळजवळ न कापलेले चपटे हिरे, टोल्कोव्हस्कीच्या हिशेबात बसतच नाहीत. वरून शिरलेला उजेड त्यांच्यातून सरळ खाली निघून जातो. म्हणून खाली आरसा ठेवायचा. सराफ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, इतवारिया बाजारात सर सेठ हुकुमचंदांनी बांधवलेलं जैनांचं काच मंदिर आहे. भिंती, खांब, छत, सगळं काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं. तिथल्या काचा चमकतात त्या स्वतःच्या बळावर नव्हे, पाठीच्या कलईवर. पोलकीचं गणित तेच. म्हणून कुंदनाचा दागिना कधीही पाण्यात घालू नये, अत्तर फवारू नये. ओल फटीतून आत गेली की वर्ख काळवंडतो, आणि मग बाई म्हणते की हिरा जुना झाला. हिऱ्याला काय होतंय! त्याच्या मागचा आरसा गेलेला असतो.

कुंदनाबद्दल एक व्यवहारी सूचना इथेच करून टाकते. अशा दागिन्याच्या एकूण वजनात लाख असते, खडे असतात, मिना असतो. घेताना सगळ्याचं मिळून वजन काट्यावर दाखवून सोन्याचा भाव लावणारे भेटतात, आणि विकायला गेलं की तेच लोक लाखेचं वजन काळजीपूर्वक वजा करतात. निव्वळ सोनं किती, हे बिलावर वेगळं लिहून घ्यावं. घासाघीस करायचीच असेल तर ती इथे करावी. मजुरीत करू नये, कारण ती आधीच कारीगरापर्यंत पुरती पोचत नाही.

माळव्यात बंद-उघड्याचा वाद आणखी एका वळणाने जातो. उज्जैन इथून तास-दीड तासाच्या अंतरावर, पंचांग घराघरात, आणि कुणी ना कुणी कुठल्या तरी ग्रहाचा खडा घातलेला. ग्रहाच्या खड्याची अट अशी की तो खालून उघडा असावा आणि बोटाच्या कातडीला टेकावा, नाहीतर गुण येत नाही. गुणाचं मला माहीत नाही. पण या अटीमुळे जी अंगठी तयार होते ती कारागिरीच्या दृष्टीने फार शहाणी असते. कड चारी बाजूंनी बंद, त्यामुळे खडा आपटत नाही. तळ उघडा, त्यामुळे धुता येतो. आणि बैठक खाली, कारण खडा बोटाला टेकवायचाय, म्हणून अंगठी कशात अडकत नाही. ज्योतिषाने सांगितलं म्हणून का होईना, हात वापरणाऱ्या माणसाला हवी तीच सेटिंग हजारो बोटांत जाऊन बसली आहे.

यातली कारीगराची खरी परीक्षा म्हणजे नवरत्नाची अंगठी. मध्ये सूर्याचं माणिक, भोवती बाकीचे आठ. ग्रहांच्या दरबारात सगळे एका पंगतीला बसले, पण त्यांचा स्वभाव जुळत नाही. हिऱ्याची कठीणता १०; माणिक, नीलम आणि पुष्कराज एकाच कुळातले, ९; लसण्या साडेआठ; पाचू साडेसात-आठ; गोमेद ७ च्या आसपास. आणि त्याच अंगठीत पोवळं साडेतीन, मोती त्याहूनही कधी कमी. हवेतल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि त्यांची कठीणता ७. म्हणजे नुसती अंगठी कपड्याने पुसली तरी मोत्यावर आणि पोवळ्यावर ओरखडे पडत असतात. पाचू कठीण असला तरी त्याच्या पोटात जन्मजात चिरा असतात, बहुतेक पाचूंत त्या झाकायला तेल भरलेलं असतं. उष्णता लागली की तेल बाहेर येतं आणि चिरा दिसू लागतात, एखादी वाढतेही. पाचूचे चारी कोपरे कापलेले असतात तेही म्हणूनच. टोकदार कोपरा पंजाच्या दाबाने तुटेल, कापलेल्या कोपऱ्यावर पंजा निर्धास्त टेकतो.

आता या नऊ जणांना एका चौकटीत बसवायचं. झाळण्याचं आणि आगीचं सगळं काम खडे आत जाण्याआधी उरकायचं. तेजाबाचं पाणी सोन्याला उजळतं, पण मोती आणि पोवळं दोन्ही चुन्याच्या जातीचे, आम्लात विरघळणारे. तेव्हा तेही आधीच. मग दणकट खडे पहिल्यांदा, नाजूक शेवटी. माझ्या ओळखीच्या कारीगराने एकदा सांगितलं होतं, "नौ ग्रह में सब से नखरेवाला चंद्रमा है, दीदी." त्याचा चंद्र म्हणजे मोती. अशी अंगठी कुणी सैल झाली म्हणून घेऊन आलं आणि "पाच मिनिटांत छोटी करून द्या" म्हणालं की तो नुसता हसतो. कडं कापून पुन्हा झाळायचं म्हणजे निदान मोती, पोवळं आणि पाचू आधी उतरवायला हवेत. दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये ती अंगठी टाकणाऱ्या दुकानातून तर उठूनच यावं.

मोत्याचा विषय निघालाच आहे तर, मोत्याला पकडीत धरणं हेच मुळात त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. अंगठीत तो बसवतात तेव्हा अर्ध्यापर्यंत भोक पाडून सोन्याच्या बारीक खुंटीवर चढवतात आणि चिकटवतात. आपल्या जुन्या लोकांनी याहून सोपं केलं होतं. नथ पाहा. मधला लाल आणि हिरवा खडा कोंदणात, मोती मात्र सोन्याच्या तारेवर ओवलेले. कुड्यांतही तसंच. तार झिजली तर बदलता येते, मोत्याला कुणी दाबत नाही. दोन वेगळ्या स्वभावांना दोन वेगळ्या रीतींनी एका दागिन्यात नांदवलंय. आमच्या रामबागेतल्या लग्नांत अजून नथा घालतात, पण आता पुष्कळशा दाबाच्या, टोचून न घ्यायच्या असतात. तो वेगळा राग आहे, इथे नको.

बारीक खड्यांच्या कामाबद्दल माझं मन जरा दुभंगलेलं आहे. पावे कामात सोन्याच्या पृष्ठावर खड्यांपुरत्या वाट्या पाडतात आणि शेजारच्याच सोन्यातून कोरणीने दाणा उठवून तो खड्यावर टेकवतात. सूक्ष्मदर्शकाखाली चालणारं, डोळे खाणारं काम. हाताने केलेलं असेल तर त्याला तोड नाही. पण हल्ली बऱ्याचशा हलक्या अंगठ्यांत खडे सोन्यात बसवलेलेच नसतात, ते मेणात बसवलेले असतात. संगणकावर आखलेला मेणाचा साचा, त्यात खडे रोवायचे, भोवती प्लास्टर ओतायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत सोनं. हिरे आणि माणकं हे सोसतात. काम झटपट होतं, स्वस्त पडतं. पुढे एखादा खडा सुटला तर तिथे नवा बसवायला मात्र अंगावर मांस नसतं. मिरॅकल प्लेट ही आणखी एक चलाखी: चिमुकला हिरा चकचकीत कापलेल्या पांढऱ्या चकतीत बसवायचा, म्हणजे लांबून चकतीसकट सगळा हिराच वाटतो. फसवणूक म्हणणार नाही, नाव सांगून विकली तर. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने १९३३ मध्ये पेटंट घेतलेली अदृश्य सेटिंग हा या चलाखीचा राजेशाही अवतार: खड्यांच्या कडेला खाचा पाडून ते खालच्या रुळांवर सरकवतात, वरून सोनं दिसतच नाही. पाहायला अद्भुत, दुरुस्तीला संकट.

यंदा भाचीचं लग्न ठरलं आणि अंगठीचं काम माझ्याकडे आलं. भाची भूलतज्ज्ञ आहे, दिवसातला अर्धा वेळ हातमोज्यांत. तिला हवी होती सहा पंजांची, उंच, पन्नास सेंटच्या हिऱ्याची. पन्नास सेंट म्हणजे अर्धा कॅरट, वजन एक दशांश ग्रॅम, रुंदी जेमतेम पाच मिलिमीटर. मी म्हटलं, "अगं, मोजे फाटतील."

"मावशी, ड्यूटीवर काढून ठेवेन ना."

"कुठे ठेवशील?"

यावर ती गप्प. एप्रनच्या खिशात, हे उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. मग म्हणाली, "पण बंद केला की हिरा लहान दिसतो." सराफकाका शांतपणे म्हणाले, "पिवळ्या सोन्यात बंद केला तर दिसेल, ताई. कडेला पांढरं सोनं घालू, हिऱ्याचा रंग आणि कडेचा रंग एक झाला की उलट मोठा वाटतो." पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियमचा मुलामा उडतो, तो मधूनमधून पुन्हा चढवून घ्यावा लागतो, हे मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं. विचारल्यावर का होईना.

काम पाहायला आम्ही दोघी वर गेलो. कारीगराने काठीच्या टोकावरची लाख दिव्यावर मऊ केली, अंगठी तिच्यात रोवली, फक्त डोकं वर राहील अशी. आधी त्याने कडेच्या आतल्या भिंतीला खड्यासाठी बैठक काढली. हिऱ्याची सर्वांत रुंद कड ज्या पायरीवर टेकणार ती पायरी. ती एका बाजूला केसभर जरी खाली गेली तरी हिरा कलतो, आणि कललेला हिरा एका बाजूने मेल्यासारखा दिसतो. हिरा ठेवला, डोळ्याला भिंग लावून चारी बाजूंनी पाहिला, उचलला, बैठक पुन्हा थोडी घासली, पुन्हा ठेवला. हे त्याने इतक्या वेळा केलं की भाची घड्याळ बघायला लागली. मग कड कलती करायला घेतली: आधी वर, मग बरोबर समोर खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि त्यानंतर मधल्या जागा. एकाच बाजूने गोल दाबत गेलं तर सोनं पुढे पुढे लोटत जातं आणि शेवटी सुरकुती येते. हे त्याने तोंडाने सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा काठी आमच्याकडे वळवून चार ठिकाणं सळईने दाखवली. शेवटी दोरा घेऊन कडेवरून ओढला. कुठे अडकला नाही.

भाचीला त्याने एकच विचारलं, "काम में हाथ बार-बार धोना पड़ता है?" ती हो म्हणाली. त्याने मागची जाळी आणखी मोकळी केली, साबण अडकून राहू नये म्हणून. सबंध खरेदीत तिच्या हाताबद्दल कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न.

बिल खाली झालं. सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन, शुद्धता १८ कॅरट ७५०, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, मजुरी, जीएसटी. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाल्यावर बिलं पुष्कळ सुधारलीत, यात शंका नाही. पण खडा कसा बसवलाय, यासाठी छापील बिलात रकानाच नव्हता. मी काकांना म्हटलं, लिहून द्या. ते म्हणाले, आजवर कुणी मागितलं नाही. मग त्यांनी बिल उलटं केलं आणि मागे बॉलपेनने लिहिलं: 'बंद सेटिंग, खालून उघडी. कड पांढरं सोनं. साइज एक नंबर वाढेल, जास्त नाही. वर्षातून एकदा आणून दाखवणे.' खाली सही केली, आणि माझ्या सांगण्यावरून कारीगराला वरून बोलावून त्याचीही घेतली. त्याने बंगालीत केली.